डाव्या कानाशी

सर, तो चेंडू माझ्या करंगळीला लागला होता. एवढं एक वाक्य लिहायला मला पन्नासएक वर्षं लागली, आणि तुम्हाला जाऊनही आता वीस वर्षं होत आली. तुम्ही असता तर आधी माझ्या अक्षराला नावं ठेवली असती, मग पुढचं वाचलं असतं. तेव्हा मीही सावकाशच लिहिते.

आपल्या अकोल्याकडच्या मालेगावात शाळेच्या मागे जी पडीत जागा होती, तिचं मैदान तुम्ही केलंत. पलटणीच्या संघातून व्हॉलीबॉल खेळलेला माणूस, लढाईत डावा कान गमावून परत येतो आणि गावातल्या मुलींना खेळवतो, याचं लोकांना हसू यायचं. वस्तीत सगळे तुम्हाला फौजी म्हणायचे, आम्ही तेवढ्या सर म्हणायचो. चुन्याच्या रेघा तुम्ही मारायचात, फाटलेल्या जाळीला गाठी तुम्हीच बांधायचात. बोलायचं असलं की तुमच्या उजव्या बाजूला येऊन उभं राहायचं, हा आम्हाला पहिल्या दिवसापासूनचा हुकूम. डावीकडून तोफ उडाली तरी मले पत्ता लागत नाही, असं तुम्ही सांगायचात. दुसरा हुकूम असा, की चेंडू बोटाला लागून बाहेर गेला तर पंचांनी पाहिलं असो वा नसो, जिला लागला तिनं आपणहून हात वर करायचा. सराव संपला की तुम्ही गूळ-शेंगदाणे वाटायचात, आणि त्या दिवशी जिनं हात वर केला असेल तिला पहिली मूठ. आम्ही काय कमी होतो? गुळासाठी न लागलेल्या चेंडूलाही हात वर करायचो. तुम्हाला ते कळायचं. तरी मूठ द्यायचात आणि म्हणायचात, खोटं बोलायचंच असेल तर असं स्वतःच्या विरुद्ध बोलावं.

एकदा जाळी सोडताना मी कानाचं विचारलं. पहाऱ्यावरच्या तुमच्या जोडीदाराला डुलकी लागली म्हणून हल्ला वेळेत कळला नव्हता, ती डुलकी तुम्ही पाहिली होती, आणि नंतर त्यानं साहेबाला जागा होतो म्हणून सांगितलं. तो शेजारच्याच तालुक्यातला. "कान गेला त्याचं काही नाही वं," तुम्ही म्हणालात. "पन त्यानं मले एकडाव सांगतलं असतं तं बरं झालं असतं. आता थो मले पाह्यलं का रस्ता बदलते." मी गाठ सोडत राहिले. मला तेव्हा ती फक्त लढाईची गोष्ट वाटली.

मग अकोल्याचा तो अंतिम सामना. आपला जिल्हा तेव्हा अकोलाच. माझे बाबा गवंडीकाम करायचे, आणि त्यांनी तुम्हाला विहाराच्या ओट्यावर स्पष्ट सांगितलं होतं, की पोरगी जिंकून आली तर मॅट्रिकच्या पुढे शिकवतो, नाही तर केनवडच्या पाहुण्यांना होकार कळवतो. मी दाराआड उभी राहून ते ऐकलं होतं. शेवटचा सेट, चौदा-तेरा, सर्व्हिस आपली. समोरून धनजकडची एक उंच मुलगी उडी मारते, मी जाळीशी हात वर करते, चेंडू करंगळीला चाटून मागे रेघेबाहेर जातो. लागला असेल तर सर्व्हिस त्यांची, नसेल तर सामना आपला. त्यांच्या बाई ओरडल्या, पंच गोंधळले. आणि पंचांनी जे केलं ते फक्त तुमच्याच बाबतीत कोणी केलं असतं. त्यांनी निकाल द्यायच्याऐवजी तुम्हालाच विचारलं, कारण तुमचा नियम त्यांच्या कानावर होता. तुम्ही माझ्याकडे वळलात.

"लागला काय वं तुले?"

"नाही, सर."

"माही पोरगी नाही म्हणते," तुम्ही पंचांना म्हणालात, "म्हंजे नाही."

ती धनजकडची मुलगी माझ्या करंगळीकडे बघत राहिली. मी मूठ मिटून घेतली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, माझी तर आयुष्यभराची झाली. पुढे शिकले, शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात गेले, नोकरी लागली. त्या धनजकडच्या मुलीचं पुढे काय झालं ते मी कधी विचारलं नाही, कारण कोणीतरी सांगितलं असतं. परतीच्या एसटीत तुम्ही तुमची पलटणीतली पितळी शिट्टी माझ्या हातात ठेवलीत. तीस वर्षं मी तीच वाजवली. शिकवल्या सगळ्या गोष्टी, पण हात वर करायचा नियम माझ्या मुलींना कधी शिकवला नाही. एकीनं विचारलं तेव्हा, पंच कशाला ठेवलेत, म्हणून तिला झापलं. त्या दिवशी मला माझीच किळस आली होती.

शेवटचं भेटायला आले तेव्हा तुम्ही खाटेवर होतात, हाडांची मोळी झालेली. जयभीम केला आणि सवयीनं स्टूल उजवीकडे ओढलं. जुन्या गोष्टी निघाल्या. मध्येच तुम्ही डोळे मिटून, अगदी हळू, विचारलंत, "थो चेंडू लागला होता काय वं?" रागानं नाही विचारलंत. मला जोडीदाराची गोष्ट आठवली. तेवढ्यात सूनबाई चहा घेऊन आल्या, आणि मी शेवटच्या घोटापर्यंत तो चहा प्यायले. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत.

निघताना मी सांगितलं, सर. खाली वाकून, तुमच्या कानाशी तोंड नेऊन, हो, लागला होता, असं स्पष्ट सांगितलं. तुम्ही म्हणालात, "सांभाळून जाय." इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आले, की सरांना सांगून झालंय, त्यांनी ऐकलं नसेल तर तो माझा दोष नाही. हा कागद कुठं टाकायचा नाहीच आहे, शिट्टीच्या डबीत घडी करून ठेवीन, म्हणून उरलेलंही लिहिते. माझं स्टूल उजवीकडे होतं. सांगायला मी उठले, आणि खाटेला वळसा घालून डावीकडे गेले.