मनकर्णेच्या नावाचा पाट

माघ वद्य तृतीया, शके १८६२
चि. मनकर्णा हिस दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

रोग गेला, बहिणीला घरी न्या, असं मिशनच्या दवाखान्याचं पत्र आलं. वाचून लय आनंद झाला, पण एक अडचण हाय.

मालकानं टाकल्यावर तू दवाखान्यात गेलीस, तेव्हा माझ्या कडेवर दिलेली तुझी चतुरा आता लग्नाची झाली. सेलूच्या व्यंकटरावांच्या लेकाशी ठरलंय, फागुनात उरकायचंय. पण बाई, माय महारोगी म्हणल्यावर पोरीला कोण करून घेईल? म्हणून मी माय वारली असं सांगून बसलो. आता रिवाजानं लग्नाआधी तुझ्या नावानं सवाष्ण जेवू घालावी लागती. शेजारच्या धुरपताबाईला सांगितलंय. लग्न होईस्तोर तू तिथंच थांब. तुला तोंड दाखवायची मला लाज वाटायलीय.
तुझा गुन्हेगार भाऊ, आश्रुबा

माघ वद्य एकादशी
ती. आश्रुबादादास मनकर्णेचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

लिहायला इथंच शिकले. अक्षर वाकडं हाय, बोटं तशीच हायेत. जिवंतपणी जेवू घालायलास, तर पुरणात जायफळ जास्त टाक, वहिनीचा हात आखडता असतो.

नर्सबाई येशूच्या गोष्टी वाचती. मी बाटले न्हाई, भिऊ नको. एक महारोगी त्याच्या पाया पडला. त्यानं आधी हात लावला, मग बरं केलं, अन् पुजाऱ्याला अंग दाखव म्हणून धाडलं, म्हंजी लोक घरात घेतील. ऐकून मी लय रडले. मी बरी झाले दादा, हात मातर आपल्यातल्या कुणी लावला न्हाई. चतुरेचं मोडू नको. मी थांबते.
लोभ आटू देऊ नको. तुझी मनकर्णा

फाल्गुन शुद्ध द्वितीया
चि. मनकर्णा हिस आशीर्वाद. वि. वि.

काल धुरपताबाई पाटावर बसली. पाय धुवायला सांगितलं, तर चतुरा तांब्या घेऊन नुसती उभी. तुझं पत्र तिनं चोरून वाचलं होतं. माझी माय जिवंत हाय, असं सगळ्यांपुढं म्हणली. तिला दटावायला तोंड उघडलं, अन् माझ्याच तोंडातून खरं निघून गेलं. धुरपताबाई न जेवता उठली. व्यंकटराव तिथंच होते. घरी विचारून कळवतो म्हणले, अजून निरोप न्हाई. तुझी वहिनी माझ्याशी बोलत न्हाई. लग्न राहील का मोडंल, कळत न्हाई. पाप माझं हाय, तुझं न्हाई अन् पोरीचं तर न्हाईच.

तो पाट तिथंच हाय, चतुरा उचलू देत न्हाई. सोमवारी मी सोता तुला न्यायला येतोय. सेलू स्टेशनावरून दिवसाढवळ्या, भर बाजारातून बैलगाडी घालू. गाडीत चढताना हात मी देईन.
तुझा दादा, आश्रुबा