आत्याबाईनं देवाले विचारलं

२ सप्टेंबर, मंगळ.
दोन कथा झाल्या वऱ्हाडीत. काम पास्टरनंच देल्लं. म्हने, बायबलातली मराठी आपल्या बायांच्या डोक्यावरून जाते, तू शिकलेली हायेस, आपल्या बोलीत सांग अन् मोबाइलवर रेकॉर्ड कर. नेम असा का आपून वाचाचं, मंग ऐकनारीनं आपल्या तोंडानं परत सांगाचं. समजलं का नाई ते तवा कळते. ऐकनारी कोन? आत्याबाईच. घरात दुसरं हाय कोन. (सासूचं नाव रोज पुरं लिहून हात दुखते. पुढं आ.बा.)

४ सप्टें., गुरु.
लग्न होऊन आली तवापासून पाहून राह्यली, आ.बा.नं स्वतः प्रार्थना कधी केली नाई. तू कर, मी आमेन म्हनतो, असंच. आज विचारलं काऊन. म्हने, देवाची भाषा साहेबाची, मी बोलली त हासंन तो.
मले हासू आलं, मंग राग. कोनावर, नाई माहीत.

७ सप्टें., रवि.
विधवेच्या पोराची कथा. लय टाळली. हे गेले तवापासून ते पान उघडलंच नाई. येशीवर मयत, एकुलता एक पोरगा, मागं रडत माय. आमच्याच अंगनातलं. तरी लिहिलं: येशूनं तिले पाह्यलं, त्याचं आतडं तुटलं. म्हने, माय, रडू नको. मंग पोरगा उठून बसला.
वाचली. आ.बा. तूर निवडून राह्यली होती, हात थांबले. चर्चमदी याच कथेले डुलक्या घेते.

८ सप्टें., सोम.
परत सांगाले बसवलं. मोबाइल चालू. सारं बरोबर सांगतलं, पोरगा उठला इथपर्यंत. मी बंद कराले हात पुढं केला, त आ.बा. थांबलीच नाई. वर टिनाकडं पाहून,
"अन् माह्या दिनूची मयत गेली तवा तुह्यं आतडं कुठी होतं बे?"
देवाले बे म्हनली. दिनू म्हंजे माहा मालक. मी उठून चुलीकडं गेली. लय रडली.

११ सप्टें., गुरु.
आ.बा. आता रोज भांडते त्याच्यासंग. भांडे घासता घासता, काडीपेटी शोधता शोधता. रुसते, गप होते, पुन्हा सुरू. आज दूध नासलं त त्याचंबी त्यालेच सुनावलं. मदीच म्हनते, "ऐकून राह्यला न?" अन् थांबते.

१४ सप्टें., रवि.
चर्च सुटल्यावर पास्टरले ऐकवलं. चहा थंडा झाला त्याईचा. म्हने कथा चांगली, शेवट काप. पुढच्या रविवारी सगळ्याईसमोर लावाचं हाय. देवाचा आदर पाह्यजे.
मी म्हनलं, "आदर होता तवा ती त्याच्यासंग एक शब्द बोलली नाई."
ते म्हने, कापून आन, नाई त हे काम दुसऱ्या कोनाले देतो.
घरी देऊळघाटले येईपर्यंत ऑटोत मनातल्या मनात भांडत आली.

१७ सप्टें., बुध.
आ.बा.ले सांगतलं. तिले काईच नाई. काप म्हने, मी त त्याले तोंडावर सांगतलं, मोबाइलमदी राह्यलं काय अन् नाई काय.
खरं हाय. तरी कापवत नाई. ते नुसतं तिचं नाई. मलेबी हेच विचाराचं होतं, इतके दिवस तोंड दाबून बसली. काम जाते त जावो.

२१ सप्टें., रवि.
न कापता देल्लं. पास्टर माइकपाशी मोबाइल धरून उभे. पोरगा उठून बसला इथपर्यंत आलं अन् त्याईनं बंदचं बटन दाबलं. लोक आमेन म्हनाले तयार. मी उभी झाली. म्हनलं, "देवा, माह्या मालकाले काऊन नाई उठवलं?"
वऱ्हाडीत. सगळ्याईसमोर.
आमेन कोनी म्हनलं नाई. पास्टरनं मले बसबी म्हनलं नाई, खाली मान घालून उभे राह्यले. काम राह्यलं का गेलं, कळलं नाई.
बाहेर आ.बा. चपला घालून उभी होती. म्हने, "देवानं तुले देल्लं का उत्तर?"
नाई म्हनलं.
"मलेबी नाई. उद्या पुन्हा विचारू."