सदरा गेला, शिवण राहिली

आई,

सदरा का घालत नाहीस म्हणून अजून किती बोलशील? तुझा सुती सदरा खरखरायचा, म्हणून कारखान्यात एन्झाइमच्या कोमट पाण्यात बुडवला. ते पाणी सुताची लव खातं. तासाभरात सदरा लोण्यासारखा मऊ!

मग वाटलं, आणखी ठेवला तर? दोन दिवसांनी काढला, तर ओल्या कागदासारखा फाटला. तुझी शिवण मात्र शाबूत. रंगारीकाका हसले, "येड्या, ते फक्त कापूस खातं. आईचा दोरा पॉलिस्टरचा आहे."

पाण्याला कापूस कळतो कसा, हे समजेपर्यंत तरी ही नोकरी सोडत नाही. हातमोजे मिळतात, काळजी नको. तुझा गुडघा कसा आहे?

नवा सदरा शिव, दोरा तोच घाल. लांबूनच पाया पडतो. कापडाचे धरून साडेतीन हजार पाठवतोय.