ग्रेसचे चार गुण परत घेऊन मला नापास करण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
सातमाळा दूरशिक्षण केंद्र,
छत्रपती संभाजीनगर.

अर्जदार : श्रीमती मंजुषा विश्वजीत औताडे, रा. मुकुंदवाडी.

विषय : हवामानशास्त्राच्या पेपरात दिलेले ग्रेसचे गुण रद्द करून मला अनुत्तीर्ण घोषित करणेबाबत.
संदर्भ : आपल्या कार्यालयाचे पत्र, दि. ११ जून २०२५.

महोदय,

सविनय अर्ज करते की, मी आपल्या केंद्राची बी.ए.ची विद्यार्थिनी आहे. मुलगी झोपली आहे तेवढ्यात लिहीत आहे, तरी अक्षराबद्दल क्षमा असावी.

१. माझे पती कै. विश्वजीत आपल्याच केंद्रात तासिका तत्त्वावर हवामानशास्त्र शिकवीत. वर्गातला कॅमेरा वेळापत्रकाप्रमाणे आपोआप सुरू होई, ते फिरतील तसा त्यांच्यामागे वळे आणि तास साठवला जाई. तेच तास दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना मोबाईलवर दिसतात. शेंद्र्याच्या रस्त्यावर अपघातात ते गेले तेव्हा स्वराली पाच महिन्यांची होती. त्यांचा मोबाईलही तिथेच फुटला. लग्नाची सीडी घरात आहे, पण तीत नुसता बँड ऐकू येतो.

२. हे तास पाहता यावेत एवढ्याचसाठी मी प्रवेश घेतला, हे लपवीत नाही. कॅमेरा जरा उशिरा वळतो. ते खिडकीकडे गेले की क्षणभर फक्त फळा उरतो; तेव्हा स्वराली मोबाईलच्या पाठीमागे जाऊन बघते. ते वर्गाला "समजलं का?" विचारतात, ही "व्हय" म्हणते. सासूबाई पाठ करून मेथी निवडत बसतात, म्हणतात मला बघवत नाय. पण आवाज जरा कमी केला की ओरडतात, "अगं मोठं कर, पोरगं काय म्हणतंय ऐकू दे की!" तास संपल्यावरही यंत्र थोडा वेळ चालूच राहते. एकदा त्यात ते फळा पुसता पुसता मला फोन करतात : "शहागंजात थांबतोय. काय आणू? बोल की, रुसलीस व्हय?" महोदय, एवढा भाग अभ्यासक्रमात नाही. केंद्राला त्याचा काहीच उपयोग नाही.

३. विषय उत्तीर्ण झाला की महिनाअखेरीस त्याचे तास विद्यार्थ्याला बंद होतात, असा नियम आहे. त्यातून अभ्यासक्रम बदलल्यामुळे या जुन्या विषयात मी एकटीच उरले होते. मी पास झाले म्हणजे पाहणारे कोणी नाही, म्हणून ३० जूनला ते सगळे तास आपोआप पुसले जाणार आहेत. हे परीक्षेआधीच कळल्याने मी नापास होण्याचे ठरवून पेपरला बसले.

४. कोरा पेपर द्यायचा होता. हाताची घडी घालून बसले. पण शेवटचा प्रश्न होता, मराठवाड्यात पाऊस कमी का पडतो? ते वर्गात सांगायचे, "ढग सह्याद्रीच्या पल्याडच सगळं सांडतात, आपल्याकडं नुसती ओली घागर घेऊन येतात." ते उत्तर सोडवेना. लिहीत गेले, पुरवणीसुद्धा मागितली. त्याचे आणि आधीच्या स्वाध्यायांचे मिळून गुण झाले ते चारच कमी पडले. ते चार आपल्या संगणकाने न मागता दिले.

५. तासांची प्रत मिळावी म्हणून मी आधी अर्ज केला होता. संदर्भीय पत्रात कळवले आहे की, प्रत फक्त संबंधित अध्यापकास, त्यांनी समक्ष हजर राहून सही केल्यास देता येईल. मी मृत्यूचा दाखला घेऊन आले. खिडकीवर सांगितले, दाखला बरोबर आहे, पण सहीचं काय? शेजारणीच्या मोबाईलने पडदा टिपून पाहिला, तर चेहरा पांढराफटक येतो. स्वराली "हे बाबा नाय" म्हणून तो ढकलून देते.

६. ग्रेसचे गुण नाकारण्याचा अर्ज आपल्याकडे नाही. खिडकीवरचे साहेब म्हणाले, "बाई, लोकं पास करा म्हणून रडत्यात. तुमच्यासाठी मी कोणता फॉर्म छापू?" रांगेतले सगळे हसले. मीही हसले. म्हणून हा साध्या कागदावर.

तरी विनंती की, ते चार गुण काढून घेऊन मला नापास करावे. पावसाच्या उत्तराचे गुण मात्र कापू नयेत, ते बरोबर आहे. गुण काढणे नियमात बसत नसेल, तर मी परीक्षेत कॉपी केली असे नोंदवून माझा पेपर रद्द करावा. उत्तर शब्दन् शब्द त्यांचेच आहे, म्हणजे आपल्याला खोटे लिहावे लागणार नाही. पुढे कितीही वर्षे परीक्षेला बसण्याची आणि नापास होण्याची माझी तयारी आहे.

सासूबाई रोज विचारतात, "लागला का गं निकाल?" मी अजून नाही म्हणते. पास झाले हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?

आपल्या एका सहीकडे डोळे लावून बसलेली,
नम्र अर्जदार,
मंजुषा वि. औताडे
दि. २३ जून २०२५

सोबत :
१. गुणपत्रिकेची छायाप्रत
२. मृत्यूचा दाखला
३. कॉपी केल्याचा कबुलीजबाब (सही केली आहे, तारीख आपण टाकावी)