मुंगीचं नाक

प्रिय ताई,

हे पत्र वॉर्डातल्या सिस्टर तुझ्या हातात देतील. मी भेटायला आलो की तू भिंतीकडे तोंड करतेस, म्हणून हाच मार्ग उरला. हा दुसरा कागद आहे. पहिल्यावर इतकी खाडाखोड झाली की तू म्हणाली असतीस, मास्तर, सातवीत शाळा सोडलीस ते बरंच केलंस. तेवढं तरी म्हण. काहीतरी बोल.

घरचं सांगतो. आईचे गुडघे दुखतात, पण तुझ्या मुंगीच्या मागे धावताना ती ते विसरते. दाजी ट्रक घेऊन लांब गेलेत. फोनवर, पोर जेवली का, एवढंच विचारतात आणि माझं उत्तर यायच्या आत फोन ठेवतात. मुंगी जेवते, पण चार घासांत तोंड मिटते. मला तोंडं भादरताना काही सुधरत नाही. मागच्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाच्या कानाला वस्तरा लागला. मालक म्हणाले, कान मोजून परत दे बाबा, दोन घेऊन आला होता तो. सगळं सलून हसलं. मला कान या शब्दावर हसता येईना.

तू कामावर जायच्या आधी मुंगीला मांडीवर घेऊन शिकवायचीस, आठवतं? डोळे कुठं आहेत, कान कुठं आहेत, नाक कुठं आहे. तिचं बोट धरून तू ते स्वतःच्याच तोंडावरून फिरवायचीस. आई कावायची, अगं पोरीला तिचं नाक दाखव, तुझं काय दाखवतेस. तू म्हणायचीस, आधी माझं पाठ होऊ दे, तिचं कुठं पळून जातंय. आणि नाकावर बोट आलं की तू दाजींच्या ट्रकसारखा हॉर्न वाजवायचीस, पोंऽ. मुंगी हसून मागे कोसळायची.

आता मी शिकवतो. शिकवतो कसलं, रोज हरतो. नाक कुठं आहे विचारलं की ती माझ्या नाकाकडे बघत नाही, स्वतःच्याही नाही. उठते, दारापाशी जाते, तिथून तुझ्या उशीपाशी. उशीत बोट खुपसते आणि थांबते. हॉर्न वाजत नाही. मग पुन्हा खुपसते. सलूनमधला हातातला आरसा आणला, तर ती त्याच्या मागे कोण आहे ते बघते. बाहुली आणली, तिचं नाक नुसतं रंगवलेलं, बोटाला लागतच नाही. आई म्हणते, विचारूच नकोस तिला. पण मी विचारलं नाही तर ती आपणच 'ना? ना?' करत घरभर फिरते. आपलं घर केवढं, दीड खोली. ती दीड खोली तिला संपत नाही.

त्यावरून मला एक कळलं आहे, ते नीट वाच. तुझ्या कामावर वाफेचा नळ फुटला, त्यानंतर मी मुंगीला दवाखान्यात घेऊन आलो, तेव्हा तुझं तोंड पट्ट्यांनी भरलेलं होतं. ती किंचाळली. तू समजलीस, पोर आपल्याला भ्याली. मीही तेच समजलो आणि तिला उचलून बाहेर पळालो. पण ताई, किंचाळायच्या आधी तिने काय केलं ते आठव. तिने बोट पुढे केलं होतं. पट्टीच्या बरोबर मधोमध दाबलं होतं. तुला दुखलं आणि तू मान मागे घेतलीस. ती खेळायला आली होती. तिला नाक सापडलं नाही, म्हणून ती रडली.

परवा मी दाराच्या काचेतून तुला चोरून पाहिलं. पट्ट्या निघाल्या होत्या, सिस्टर मलम लावत होत्या. रागाव, पण ऐक. माझं कामच दिवसभर लोकांची तोंडं बघायचं आहे, त्यामुळे खोटी समजूत घालत नाही. डावा कान जवळजवळ गेला आहे. डावी भुवई नाही. गालाची कातडी ओढली गेली आहे. नाक मात्र आहे तसंच आहे, लहानपणी झोपाळ्यावरून पडून जरासं वाकडं झालेलं.

त्या संध्याकाळी सलून आवरून झाल्यावर मी आरशासमोर बसलो आणि माझी डावी भुवई साफ काढून टाकली. कानावर कापूस ठेवून चिकटपट्टी लावली. मला बघून आईने हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाली, एकीचं तसं झालं, आता दुसऱ्याचं डोकं फिरलं. मुंगी जागच्या जागी उभी राहिली. मी खुर्चीवर बसलो. ती किंचाळली असती तर मला हे पत्र लिहिता आलं नसतं. ती जवळ आली. असलेल्या भुवईवर बोट ठेवलं, मग नसलेलीच्या जागी. म्हणाली, मामा, नाय. आणि वाकून खुर्चीखाली शोधायला लागली. तिथे नाही म्हटल्यावर हात झटकले आणि माझ्या मांडीवर चढून बसली. सकाळी तिला त्याचं काही नवलही उरलं नव्हतं. नवल गिऱ्हाइकांना आहे, माझ्या खुर्चीत बसायला कुणी धजत नाही. मालक म्हणतात, भुवई येईपर्यंत तू झाडूच मार.

आता ज्यासाठी लिहितोय ते. सिस्टरांनी मला सगळं सांगितलं, त्यांना बोल लावू नकोस. शनिवारी तुला सोडणार आहेत आणि तू घरी येणार नाहीस. कुणी ओळखत नाही अशा गावात तू काम बघितलं आहेस, आणि मुंगीला, आई गेली, असं सांगायचा निरोप आमच्यासाठी ठेवला आहेस. ताई, असं करू नकोस. पाया पडतो, असं करू नकोस. तिला गेली म्हणजे काय ते कळत नाही, ती खुर्चीखाली शोधत राहील. शनिवारी मी तिला घेऊन पुढच्या फाटकाशी उभा राहीन. मागच्या फाटकाशी आई असेल, तिचे ते गुडघे घेऊन. तू कुठूनही बाहेर ये आणि मुंगीसमोर खाली बस. तोंड झाकू नकोस. काही बोलायचीही गरज नाही. तिचं बोट आपसूक येईल. तू फक्त हॉर्न वाजव.

तुझाच,
मास्तर