कपाट, टेकू आणि बाणाच्या जागी मी

ती. अक्कास,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांनी नकार दिल्यामुळे फक्त मान वाकवली आहे, बाकीची सात अंगं मनातल्या मनात.) तुझी कंबर कशी आहे? दाजी औषधं घेतात, की गोळी गालात धरून तू पाठ फिरवलीस की कुंडीत टाकतात? मी मजेत आहे. जेवतो, फिरतो, पेपर वाचतो. पेपरवाल्याशी रोज बोलणं होतं, म्हणजे तो "सर, पेपर" म्हणतो आणि मी "हं" म्हणतो. परवा फोनवर तू आवाज असा का येतोय म्हणून विचारलंस, तेव्हा मी सर्दी म्हणून सांगितलं. ती सर्दी नव्हती, कपाट होतं. पण हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून हे पत्र.

झालं असं की आतल्या खोलीच्या भिंतीला ओल आली आहे. हिचं लोखंडी कपाट ज्या भिंतीला लागून आहे, नेमकी तीच भिंत. घरमालकांनी रंगारी पाठवला. त्याने भिंतीवर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि म्हणाला, कपाट हलवलं नाही तर आतले कपडे कुजतील, मी सोमवारी येतो, तोवर रिकामं करून पुढे ओढून ठेवा. हे "रिकामं करून" तो इतक्या सहज म्हणाला की मला त्याचा रागच आला. मी म्हटलं, रिकामं करायची काही गरज नाही, मी जन्मभर मुलांना तरफ शिकवली आहे, एकट्या माणसाला भरलेलं कपाट हलवता यावं म्हणूनच तरफ निघाली. त्यावर तो नुसतं "बरं" म्हणाला आणि आपली शिडी घेऊन गेला.

तुला तरफ समजावून सांगायला नको, मला ती तूच शिकवलीस. बागेतल्या सी-सॉवर एका टोकाला तू जमिनीवर, दुसऱ्या टोकाला मी आभाळात. मी भोकाड पसरलं की तू फळीवर जरा पुढे सरकायचीस आणि मी हळूहळू खाली यायचो. वजन तुझं तेच (तेव्हाही कमी नव्हतं, रागावू नकोस), फक्त टेकूपासूनचं अंतर कमी. एवढ्याच गोष्टीवर मी पुढे सगळी नोकरी काढली. कात्री तरफ, चिमटा तरफ, तराजू, नेलकटर, सायकलचा ब्रेक, इतकंच काय, आपला कोपर आणि जबडासुद्धा तरफच. निवृत्तीच्या समारंभात मी असंही बोललो होतो की विचारांचंही असंच असतं, टेकू योग्य जागी असला तर एका शब्दाने माणूस हलतो. (टाळ्या पडल्या नाहीत, पण चहा लवकर आला.) उदाहरण घरचंच दिलं होतं. ही नुसतं "बघा बुवा" म्हणायची आणि मी खुर्चीतून उठून बँकेत जाऊन यायचो. आता "बघा बुवा" म्हणणारं कोणी नाही, त्यामुळे मी दिवसचे दिवस खुर्चीतच असतो. बँकेचं कामही तसंच पडून आहे.

तर पहिला प्रयोग पडद्याच्या दांडीने केला. दांडी वाकली, कपाट जागचं हललं नाही. आता तो पडदा झोळीसारखा लोंबतो. मग मी पलंगाची फळी काढली. (झोपायचं कुठे, हा प्रश्न तरफेच्या नियमात येत नाही.) फळीचं एक टोक कपाटाखाली सारलं, जवळच वीट ठेवली, हा झाला टेकू, आणि दुसऱ्या टोकावर मी स्वतः बसलो. अक्का, कपाट उचललं गेलं. चांगलं चार बोटं. मला इतका आनंद झाला की स्वयंपाकघराकडे तोंड करून मी "बघितलंस का गं" म्हणून मोकळा झालो. आणि त्याच वेळी कपाटाच्या आत हिचे सगळे हँगर सरसर करत एका बाजूला गेले. आज काय घालावं म्हणून ही कपडे चाळायची, तेव्हा असाच आवाज यायचा. मी रोज तो ऐकायचो आणि पेपरच्या आडून "आटप लवकर" म्हणायचो. फार दिवसांनी ऐकला. तुला फोनवर ऐकू आली ती सर्दी ही.

डोळे पुसल्यावर माझ्या लक्षात आलं की पुढचं काम करायला माणूसच नाही. उचललेल्या कपाटाखाली काहीतरी सरकवायला हवं, आणि सरकवायला मी उठलो की कपाट दाणकन खाली, फरशी फुटणार, कपाटाचा आरसाही फुटणार. पुस्तकातल्या आकृतीत बल म्हणजे नुसता बाण असतो. बाणाला उठावं लागत नाही, तहान लागत नाही, पायाला मुंग्या येत नाहीत. मी उभा जन्म फळ्यावर तो बाण काढला, पण त्या जागी कोण बसणार आणि तो उठणार कसा, हे कधी डोक्यात आलं नाही. टेकायला जागा द्या, पृथ्वी हलवतो, असं कुणी ग्रीक पंडित म्हणाला होता म्हणतात. पृथ्वी उचलून धरल्यावर खाली वीट कोण सरकवणार, हे त्याने सांगितलं नाही. त्याच्या घरी माणसं असतील.

मग मला खालचा शिंपी आठवला. हिचा आणि त्याचा एक जुना संकेत होता. दुपारी मशीनचा खडखडाट फार झाला की ही झाडूच्या दांड्याने फरशीवर ठोकायची, आणि तो मशीन थांबवायचा. मी टाचेने ठोकलं. मशीन ताबडतोब थांबलं. मी आणखी जोरात ठोकलं, तर त्याने रेडिओही बंद केला. तिसऱ्यांदा ठोकल्यावर त्याने बहुतेक श्वासही रोखून धरला असावा. मदतीला हाक मारावी आणि उलट असलेला आवाजही जावा, असं झालं. त्या शांततेत मी फळीवर बसून राहिलो, कपाटाकडे तोंड करून. खरं सांगतो, ही गेल्यापासून त्या खोलीत मी इतका वेळ पहिल्यांदाच बसलो.

शेवटी शिंपी आपणहून वर आला. दार लोटलेलंच होतं. उंबऱ्यात उभा राहून "मशीन बंद आहे हो, सर," म्हणाला. मग म्हणाला, "वहिनी गेल्यापासून कोणी ठोकलंच नव्हतं. मी आपला मशीनवर तसाच बसून राहिलो." मग मी कपाटाखाली काहीतरी घाल म्हटलं, तर त्याने हाताला लागला तो गठ्ठा ढकलला. मी लिहिलेल्या विज्ञानाच्या गाईडच्या न खपलेल्या प्रती होत्या त्या. माझ्या पुस्तकाने कोणाला आधार दिल्याची ही पहिलीच वेळ. त्याने मला काखेत हात घालून उठवलं आणि जाताना म्हणाला, "आधी कपडे काढून घ्या ना, सर. मी येतो घड्या घालायला." मी म्हटलं, बघू.

असो. कपाट सध्या एका अंगाला कलून गाईडवर उभं आहे आणि मी बाहेरच्या खोलीत चटईवर झोपतो. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. हे वाचून लगेच निघू नकोस. तुझी कंबर, त्यात प्रवास. इथे माझं काही अडलेलं नाही.

आणखी ता. क. रंगारी सोमवारी येतो, हे वर लिहिलंच आहे. कपाटाला कुलूप नाही. मूठ खाली दाबली की उघडतं. ती मूठसुद्धा तरफच, दोन बोटांचं बल पुरतं. मी रोज सकाळी तिच्यावर हात ठेवतो आणि काढून घेतो. अक्का, रविवारी येतेस का? कपडे मी काढीन, घड्या शिंपी घालील. तुला उचलायचं काहीच नाही, ती मूठ तेवढी दाबायची आहे.