पिठोरीला भगत आणू नकोस

कडाव, ता. कर्जत
मंगळवार, २१ ऑगस्ट १९७३

ती. सहदेवदादास,

जनीचा वाकून नमस्कार. आम्ही सगळी ठीक आहोत, तुम्ही माथेरानच्या धुक्यात खोकत नसाल अशी आशा आहे. म्हैस व्याली, पारडी झाली. हे रोज साजगावच्या कारखान्यात जातात, पाळी सुटली की सरळ घरी येतात. भात गुडघ्याला लागलंय. वहिनीला सांग, तिनं दिलेलं तांबडं लुगडं मी नेसते, ठेवणीत टाकलेलं नाही.

आता तुझ्या पत्राचं. सासूबाईंनी तुला कळवलं की जनी पुन्हा बिघडली, रोज दुपारी बांधावर एकटीच बसते, एकटीच बोलते. आणि तू लगेच लिहिलंस, "अमावास्येला भगताला घेऊन येतो, तयार राहा."

वा रे दादा! मला एका शब्दानं विचारलंस?

हो, बसते. रोज बसते. जेवणं उरकली, भांडी घासली की खालच्या बांधावर करंजाखाली जाते. आधी रडते, मग बोलते, मग तोंड धुऊन म्हशीला चारा कापायला लागते. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय. गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, "जनाबाई, वेळेवर झोपा, पोटभर जेवा, कामाला जा. आणि मनातलं दाबू नका, रोज थोडं बोलून टाका." गोळ्या बाईंनीच जेठात बंद केल्या. बसणं मात्र मी बंद करणार नाही.

घरात बोलू कुणाशी? गेलेल्या लेकराचं नाव काढायचं नाही, काढलं की ते परत फिरतं म्हणे. अरे, फिरू दे की! कुठली आई त्याला भ्यायली असती? सव्वा वर्षाची पोर दोन दिवसांच्या तापात गेली आणि आठवड्याच्या आत तिची झबली, वाळे, पाळण्याची दोरी, सगळं माळ्यावर. मी नाव घेतलं की सासूबाई कानांवर हात ठेवायच्या. मग मी बोलणं सोडलं, जेवण सोडलं. त्याला तुम्ही बाहेरची बाधा म्हणालात.

यंदा लावणीला बायका सावडीनं एकमेकींच्या शेतात जात होत्या. मला कुणी बोलावलं नाही, मीच गेले. विमलबाईनं बांधावर अडवलं. "तुजा हात नको गं जने, रोप जळंल."

"जळलं तं माजं शेत घे," म्हटलं आणि उतरले चिखलात. आज येऊन बघ. माझी ओळ कुठली ते ओळखून दाखव!

आणि गेल्या आठवड्यात तीच विमलबाई आपणहून करंजाखाली आली. माझ्याजवळ बसली. बारा वर्षांपूर्वी गेलेल्या आपल्या हिरूचं नाव घेतलं, आणि मग काय रडली बाई! पदर पिळून घ्यावा लागला. उठताना म्हणाली, "उद्या पन येते गं. बरं वाटतंय." आता तिच्यासाठीही भगत आणतोस का?

भगताचं कौतुक मला सांगू नकोस. नऊ दिवस मी माहेरच्या गोठ्यात मिरच्यांच्या धुरात होते. लोकांना सांगते, भगतानं कोंडलं. खरं तुला ठाऊक आहे. बाहेरून कडी तू लावायचास. तुझी पावलं मला कळत नाहीत होय? कडी लावून तू दाराशीच बसायचास, हुंदके द्यायचास, तेही मी ऐकलंय. मला तेव्हा आत येऊन रडणारं माणूस हवं होतं रे. तू दाराआड रडलास. त्याचा मला राग आहे, अजून आहे. लिहून टाकला, आता छातीवरचं ओझं उतरलं.

तिचं जावळ तुझ्या मांडीवर काढलं होतं. तुझी मिशी तिनं अशी धरली होती की न्हाव्याला हसू आवरेना. त्या पोरीचं नाव तूही वर्षभर घेतलं नाहीस.

अमावास्येला ये. जरूर ये. पण भगत बरोबर दिसला तर दोघांनाही पायरीवरून परत पाठवीन, हे लिहून ठेव. त्या दिवशी पिठोरी आहे. सासूबाई म्हणतात, "ज्यांची लेकरं हायत त्यांनी पूजा करायची, तुजं काय काम?" मी करणार. खिरीचं ताट डोक्यावर धरून आई विचारते, "अतिथी कोण?" आणि पाठीमागून लेकरू आपलं नाव सांगून ताट घेतं. मीही विचारणार. पाठीमागं कुणी नसेल तर उत्तरही मीच देईन, अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं.

पण मामा उभा असला तर मला द्यावं लागणार नाही. तू ये, माझ्या पाठीमागं उभा राहा, ताट घे. आणि नाव सांग. तुझं नको, तिचं. मोठ्यानं.

वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी धड शहाणी बहीण,
सुमीची आई
जनी